माझी साखळी, काकांची गाडी

आज दुपारी आसगावात तळ्याकाठी बाबांची मोटारसायकल लावली. ती चोरीला जाण्याची मला फार धास्ती. बाबांनी शिकवल्याप्रमाणे लांब साखळी चाकात ओवून कुलूप लावलं, पण नजर पाण्यावरच्या कमळांत हरवली होती.

तासाभराने परतले, तर शेजारच्या गाडीपाशी एक अनोळखी काका बसलेले. माझी साखळी त्यांच्याही चाकातून गेली होती!

"काय पोरी, चोर भेटला नाही म्हणून मलेच बांधलं का?"

त्यांच्या हँडलला जेवणाचे डबे होते. शेतात भाताच्या रोपांचं रोवणं करणाऱ्या बाया उपाशी वाट पाहत होत्या.

घाईघाईने कुलूप उघडलं, माफी मागितली.

"तुले सोडलं मी. बाया मले सोडतीन का?" म्हणत काका हसून निघाले.

तुमच्या काळजीत कधी असं दुसरं कुणी अडकलंय का?