सवलतीतली खाट

"हात जोडा की बाई. फोटो काढतायत."

असं म्हणणाऱ्या बाईनं एक नवं ब्लँकेट धरलं होतं. अर्धं तिच्या हातात, अर्धं माझ्या बापाच्या छातीवर. दोन माणसांनी बापाला बगलेत धरून खाटेवर उठवून बसवलं होतं. त्याच्या हाडात कॅन्सर होता. तो ओरडला नाही. नुसता श्वास आत ओढला. तो आवाज मला लहानपणापासून माहीत आहे. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पाय सरकला की बाप असाच श्वास ओढायचा.

मी हात जोडले.

"जरा हसा," फोटोवाला म्हणाला.

हसले पण.

ती बाई म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या आप्पांची सून. आप्पा न्हावऱ्याचे. ऊस, कांदा, दारात ट्रॅक्टर. त्या दिवशी आप्पांच्या नातीचा वाढदिवस होता, म्हणून त्यांच्या घरच्यांनी केंद्रात जेवण दिलं आणि सवलतीतल्या पेशंटना ब्लँकेटं. व्यवस्थापकांनी विचारलं होतं, "सवलतीतले कोण कोण?" आणि मी शाळेतल्यासारखा हात वर केला होता. शाळा माझी चौथीत सुटली. हात वर करायचं तेवढं राहिलं.

हे केंद्र शिरूरहून चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्याला आहे. जी माणसं बरी होणार नाहीत त्यांना इथं ठेवतात. बरं करत नाहीत, पण दुखू देत नाहीत. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, आता घरी न्या. घर कुठलं? आमचं गाव बीडकडं, तिथं आई माझ्या भावाजवळ असते, तालुक्याला यायचं तरी अर्धा दिवस जातो. इथं माझी कारेगावात पत्र्याची खोली. मी रांजणगावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून पॅकिंगला जाते. एकटीच आहे. बाप त्या पत्र्याखाली दुपारभर भिंतीला डोकं घासायचा. कामावर गेले की मला तेच दिसायचं.

केंद्रात आणलं त्याच दिवशी सिस्टरनं औषध दिलं आणि बाप झोपला. इतका गाढ की मी नाकाजवळ बोट धरून बघितलं. सिस्टर म्हणाली, "मावशी, झोपलेत ते. तुम्ही पण जरा टेका."

त्या खाटेसाठी मी काहीही केलं असतं. बापाची खाट जाईल, परत तो पत्र्याखाली जाईल, ही एकच भीती मला होती. म्हणून मी सगळ्यांचे उपकार मानायचे. सिस्टरचे, झाडूवालीचे, गेटवरच्या वॉचमनचे. चहा गार मिळाला तरी म्हणायचे, बरं झालं, पटकन पिऊन होतो.

आप्पांची सून मात्र तक्रार करायची. "चहा गार आहे." "ही चादर कालचीच दिसते." "पंखा आवाज करतोय, आप्पांना झोप येत नाही." आणि चहा गरम होऊन यायचा. चादर बदलायची. पंख्याला माणूस यायचा.

तिच्या गळ्यातल्या सोन्याकडं मी कधी बघितलं नाही. तिच्या गाडीवर पण जळले नाही. मी जळायचे तिच्या तक्रारीवर. कामावर खोका बंद करून चिकटपट्टी ओढताना पण ती पट्टी तसाच आवाज करायची डोक्यात, चादर कालचीच दिसते. मला पण एकदा म्हणायचं होतं. बापाची चादर खरंच कालची होती.

तिला तसं बोलता यायचं, कारण आप्पांकडं कार्ड होतं. सत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना सरकार देतं ते. आप्पांचं बिल परस्पर भरलं जायचं. बापाचं बिल मी भरायचे, पगारातून, थोडं कमी करून दिलेलं. त्या थोड्या कमीचं नाव सवलत. त्या नावापायी आम्ही फुकटवाले. जे काहीच भरत नव्हते ते हक्कवाले.

बापाला कार्ड का नाही? कारण कागदावर बाप सत्तरीचा नव्हता. खरा तर पार पुढं गेलेला.

आधार कार्ड काढायला गावच्या शाळेत मशीन आलं होतं. ऊसतोडीला माणसं नेणारा मुकादम आदल्या दिवशी वस्तीवर येऊन सांगून गेला, "वय जपून सांगा रं. म्हाताऱ्या कोयत्याला उचल मिळायची न्हाई." नवराबायको जोडीनं ऊस तोडतात, त्या जोडीला कोयता म्हणतात. उचल म्हणजे हंगामाआधी मिळणारे पैसे, त्यावर आमचा पावसाळा निघायचा. मग काय. जो तो मशीनपुढं बसला आणि सात-आठ वर्षं खाली टाकून उठला. बापानं पण तेच केलं, आईनं पण. बाहेर येऊन माणसं हसत होती. "आज सगळी वस्ती तरणी झाली." बाप आईला म्हणाला, "आता मला आहो-जाहो नको करू, बारका झालोय मी." आई पदर तोंडाला लावून हसली.

त्या कमी झालेल्या वयावर बाप पुढं कितीतरी हंगाम दौंडकडं आणि शिरूरकडं ऊस तोडत राहिला. न्हावऱ्याचा पण तोडला. आप्पांच्या वावरातला तोडला का, ते त्याला आठवत नव्हतं. फडात कोण मालकाचं नाव विचारतंय.

वय दुरुस्त करायला मी शिरूरच्या सेवा केंद्रात गेले होते. तिथला माणूस चांगला होता. म्हणाला, "पुरावा आणा. शाळेचा दाखला, जन्माची नोंद, काहीतरी." बाप शाळेत गेला तो एकदाच, त्या मशीनपुढं बसायला.

आप्पा मात्र बोलायचे बापाशी. मधला पडदा सारून.

"पाव्हणं, बहात्तरच्या दुष्काळात कुठं व्हता?"

"खडी फोडाया. म्या आन् बायको. नवं लगीन व्हतं."

"मी तवा मॅट्रिकला. म्हंजी तुम्ही थोरलं की माझ्यापरीस."

"कागदावर न्हाई," बाप म्हणाला.

आप्पांना ती चेष्टा वाटली. खूप हसले, खोकला येईपर्यंत. तेव्हापासून ते बापाला दादा म्हणायला लागले. सून म्हणाली, "आप्पा, कुणालाही काय दादा म्हणता?"

माझ्यासमोर म्हणाली. मी खाली बघून बापाच्या पायाला तेल लावत राहिले.

मग आप्पांचा वाढदिवस आला. केक, हार, गावातली चार मोठी माणसं, तोच फोटोवाला. बाप तेव्हा पार वाळला होता. चादर बदलायला कूस वळवली तरी डोळ्यांतून पाणी यायचं. व्यवस्थापक माझ्याजवळ आले. "ताई, पाच मिनिटं बसवू यांना. फळं द्यायची आहेत."

"त्यांना सोसणार नाही साहेब."

"असे लोक देतात म्हणून तुम्हाला सवलत मिळते. लक्षात ठेवा."

ती दोन माणसं बापाच्या बगलेत हात घालायला वाकली. बापानं माझ्याकडं बघितलं. श्वास ओढायच्या तयारीत तोंड तेवढं उघडलं.

मी मधे उभी राहिले.

"न्हाई उठवायचं. हे इथं मरायला आलेत, फोटोला न्हाई."

सून फळांची टोपली घेऊन उभी. म्हणाली, "बघा. फुकटचं खायचं आणि वर तोरा."

"फुकट कोण वैनी? तुमच्या आप्पांचं सरकार भरतं. माझ्या बापाचं मी भरते."

"आमचा हक्क आहे तो. वय बसतंय आप्पांचं."

"माझा बाप त्यांच्यापेक्षा थोरला हाय. तुमच्याकडचा ऊस तोडायला मिळावा म्हणून त्यानं वय कमी सांगितलं. तुमच्याकडं साखर आली, आमची वर्षं गेली."

माझं मलाच ऐकू येत होतं. मी हे कधी जुळवलं होतं कुणास ठाऊक. खोके बंद करतानाच जुळलं असणार.

सगळे आप्पांकडं बघायला लागले. आप्पांच्या गळ्यात हार होता. ते म्हणाले, "सूनबाई, पडदा ओढ."

पडदा ओढला गेला. आप्पांनी तो कुणासाठी ओढायला लावला, माझ्या बापाला निवांतपणा मिळावा म्हणून की आम्ही दिसू नये म्हणून, ते मला आजही कळलेलं नाही. पुढं ते बापाला दादा म्हणाले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलं. सवलत बंद. मी हात जोडले नाहीत, भांडले पण नाही. पूर्ण भरते म्हणाले. आणि तिथंच म्हणाले, "पूर्ण भरते, तर चादर रोज बदला." बदलायला लागले.

शिफ्टला शिफ्ट लावून मी ते पैसे उभे केले. बाप गेला तेव्हा मी लाइनवर होते, फोन लॉकरमध्ये. झोपेतच गेला, सिस्टर म्हणाली. चादर त्या दिवशीची होती. ते ब्लँकेट खाटेखाली घडी करून पडलेलं होतं, ते मी आणलं नाही.

मी अजून जळते. शिरूरच्या स्टँडवर कुणी म्हातारा कार्ड काढून नातवाला दाखवत असला तरी जळते. हे विझावं असं मला आता वाटत नाही.

आई आहे अजून. तिचं वय पण त्याच दिवशी, त्याच मशीनपुढं कमी झालं. तिला अजून काही झालेलं नाही. होईल. म्हणून पुढच्या सुट्टीला मी गावी चाललेय. आईच्या बरोबरीनं दुष्काळात खडी फोडलेल्या बाया वस्तीवर अजून आहेत. सगळ्यांची लग्नं त्याच्या आगंमागं झालेली, सगळ्यांचं वय असंच खाली टाकलेलं. त्यांना जीपमध्ये घालणार आणि खरं वय लिहून घ्यायला तहसीलला नेणार. एकदा हाकललं तर परत नेणार. साहेब म्हणेल, पुरावा आणा.

त्यांना साहेबाच्या टेबलापुढं खुर्च्या मागून बसवणार. आणि म्हणणार, आणलाय. ह्यांचे हात बघा, आणि लिहा.