दिव्याभोवतीचं कडं

“मिटल्या डोळ्यांची माणसं सगळी सारखीच दिसतात, म्हणून आधी कागदावरचं नाव वाचायचं,” थोरल्या सिस्टर नव्या सिस्टरला शिकवत होत्या. “मग दोन प्रश्न. डोळा लाल होऊन ठणकतो का, आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का. हो म्हणालं कुणी, तर थेंब घालायचे नाहीत. थेंबांनी आतलं प्रेशर चढलं तर रात्रीतून डोळा जातो. सरळ डॉक्टरांकडे पाठवायचं.”

नव्वदच्या दशकाचा शेवट होता, मी अकरावीत होते. चष्म्याचा नंबर उणे नऊ, त्यामुळे दरवर्षी नाशिकच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुली मोठी करणारे थेंब घालून घ्यावे लागत. थेंब चुरचुरत. मग पाऊण तास डोळे मिटून बाकावर बसायचं. खिडक्या हिरव्या कापडाने झाकलेल्या, वर एकच ट्यूबलाइट. लहान मुलं आत येताना रडत आणि बाकावर टेकली की गप्प होत. का, ते मला कधीच कळलं नाही.

त्या दिवशी पलीकडे एक आजी आणि त्यांची नात होती. फुलमळेवाली माणसं असावीत, झेंडूचा उग्र वास येत होता. नव्या सिस्टरने आजींना दोन्ही प्रश्न विचारले. “नाय बाय, तसलं काय नाय. नुसतं धुरकट दिसतंय.” सिस्टरने कागदावर खूण केली. बाटली संपली होती, म्हणून ती नवी आणायला गेली. नातही केसपेपरवर शिक्का मारून आणायला उठली.

“सरका सरका, जागा अडवू नका,” असं आया ओरडली आणि मी नातीच्या जागेवर सरकले.

आजींनी माझा हात धरला. थंडगार, खरखरीत बोटं.

“पोरी, मी खोटं बोलले,” त्या हळूच म्हणाल्या. “कडं दिसतंय मला. सांजच्याला दिवा लावला की धरतंय. तांबडं, हिरवं. मग डोकं असं ठणकतंय, उलटी व्हते. आन् कड्यात तुझा आजा उभा ऱ्हातोय.”

मी त्यांची नात नाही, एवढंच सांगायचं होतं. पण आमच्या शाळेत मराठी बोललं की दंड होता. कॉलेजात आले तरी अनोळखी माणसाशी मराठीत बोलायचं म्हटलं की मी आधी मनात वाक्य जुळवून बघत असे, आणि तोवर वेळ निघून जाई.

“पाठमोरा असतोय,” त्या पुढे म्हणाल्या. “टोपी घालून. परवा थोडा वळला व्हता, कान दिसला. तोंड दिसलं की मी मोकळी झाले. यांना सांगितलं तर ह्ये औषध देत्याल अन् कडं घालवत्याल. मंग त्यो यायचा कुठून? तुझ्या बापाला बोलू नको हां.”

मी मान हलवली. ती त्यांना दिसली नसणार.

“आत्ता बी हाय बघ. लय अंधार केलाय ना हितं. तुझ्या डोक्यावर.”

मी डोळे उघडले. चष्मा मांडीवर होता, बाहुल्या ताणलेल्या. ट्यूबलाइटचा उजेड फाटून भिंतभर पसरला होता. त्यात मधोमध काहीतरी काळसर होतं. पंखा असेल. खात्री करून घ्यायला मी चष्मा लावला नाही. आजी त्या दिशेला बघून ओळखीचं हसल्या.

सिस्टर परतली. चपलांचा आवाज, बाटलीचं झाकण. “आजी, मान मागं करा. वर बघा, छताकडं.”

आजींनी मान मागे टाकली आणि माझा हात आणखी घट्ट धरला. त्या घाबरल्या नव्हत्या. कुणीतरी येणार असताना बसावं तशा बसल्या होत्या. सिस्टरच्या बोटांनी त्यांची खालची पापणी ओढली. माझ्या मनात वाक्य अजून जुळत होतं. ‘कडे’ की ‘कडी’? ‘तुमचे पेशंट’ की ‘या आजी’? मी बोलले तर तो माणूस कधीच वळणार नव्हता, हेही मला कळत होतं.

मी आजींच्या हातातून हात सोडवला, बाटलीच्या खाली धरला. थेंब माझ्या तळव्यावर पडला.

“थांबा,” मी म्हणाले. “यांना कडी दिसतात. आत्तासुद्धा दिसतायत.”