खाटेखाली बघणारे अण्णा

अण्णा वॉर्डात शिरले की पेशंटच्या तोंडाकडे नाही, खाटेखाली बघत. तिथं चपलांचे दोन जोड दिसले की पुढे सरकत. एकच असला की वाकूनच विचारत, "माय, संगं कोन हाय?" कोणी नसलं की तो पेशंट अण्णांचा. किनवट, उमरीकडून एकटी आलेली कितीतरी माणसं नांदेडच्या त्या दवाखान्यात अण्णांच्या भरवशावर बरी होऊन गेली.

एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, तरी त्यांना एका जागी बसवत नसे. "एकाला चहा देऊन येतो" म्हणून गेलेले दिवेलागणीला परतत. त्यांचे सत्कार वारंवार होत. निःस्वार्थ सेवेवर लांबलचक बोलणाऱ्यांना वेळ भरपूर असतो. अण्णा शाल घेऊन मागच्या दारानं सटकत आणि ती वॉर्डात कुणाच्या तरी अंगावर घालत. त्यांच्या बायको, आमच्या शेजारच्या काकू, मला एकदा म्हणाल्या, "एखांदी घरी बी आना म्हनावं. थंडी मला बी वाजते."

या काकू न्हाणीत पडल्या. अण्णा फोन उचलेनात. शेवटी मीच त्यांना रिक्षातून त्याच दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. औषधं घेऊन मी परतलो, तेव्हा अण्णा नेहमीसारखे वाकून खाटा बघत येत होते. काकूंच्या खाटेखाली एकच जोड होता.

"माय, संगं कोन हाय?"

"हायेत एक," काकू म्हणाल्या. "पर ते दुसऱ्याच्या संगं असतेत."

अण्णांना मान वर करायला बराच वेळ लागला. मग ते खाटेच्या कडेला टेकले. पलीकडे एक म्हातारी पाणी मागत होती. अण्णांचा गुडघा हलायला लागला. पण ते उठले नाहीत. शेवटी काकूच वैतागल्या.

"जावा, द्या तिला पानी. पर मी घरी आल्यावर दुपारचं जेवन माझ्यासमोर बसून करायचं. इतकंच."

"हाव," अण्णा म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

काकू काठी टेकत हिंडू लागल्या, दुपारी दोन ताटं वाढून बसू लागल्या. अण्णा येत, पण भाकरी वातड झाल्यावर. घास हातात, कान फोनकडे. "अहो, गिळून तरी जावा," काकू म्हणेपर्यंत फाटक वाजलेलं असे.

गेल्या वर्षी काकू गेल्या. अण्णा अजून दवाखान्यात जातात, पण दुपारी वेळेवर परत येतात. कुलूप काढतात, ताट वाढून घेतात आणि सावकाश जेवतात. फोन वाजतो, वाजत राहतो. अण्णा उठत नाहीत.