पाठमोरा मेकॅनिक

दिल्लीत सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टर्सच्या मागे एक मेकॅनिक बसतो. हात बॉनेटखाली आणि तोंड अखंड चालू. तोंड चालू आहे तोवर मी निर्धास्त असतो. तो गप्प झाला की समजायचं, काहीतरी बिघडलं.

त्या दिवशी माझ्या गाडीची स्टार्टर मोटर गेली होती, आणि गुडघे दुखणारी आई संध्याकाळच्या ट्रेनने निजामुद्दीनला उतरणार होती. नवी मोटर बसवायची जागा इंजिनच्या मागे, जेमतेम हात जाईल एवढी. दिसत काहीच नाही. त्याने बॅटरीची वायर सोडवली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि वर कडुनिंबाकडे बघत मेहुणीच्या लग्नातल्या जेवणाला नावं ठेवायला लागला.

"पनीर क्या था साहब, बिल्कुल..."

मध्येच थांबला. बोल्ट निसटला असणार. सामानासकट ऑटोत चढणारी आई माझ्या डोळ्यांसमोर आली.

"...रबर," तो म्हणाला. मी श्वास सोडला.

मोटर बसली, बॅटरीची वायर पुन्हा लागली. पण पहिल्यांदा चावी तो स्वतः कधीच फिरवत नाही. "आप लगाओ," म्हणाला आणि निकाल ऐकायला आलेल्या बापासारखा गाडीकडे पाठ करून उभा राहिला. मी चावी फिरवली. इंजिन असं गरजलं की वरच्या बाल्कनीतली कबुतरं उडाली.

तो तसाच पाठमोरा. "चल गई?"

"चल गई, भाईसाहब!"

तेव्हा कुठे तो वळला.

"वैसे, गुलाबजामुन अच्छे थे."