पहिल्या हाकेचे अकरा सेकंद

गुरुवार, ९ मार्च. बाळी साडेआठला निघाली. निळा शर्ट, इस्त्री मी केली. दुपारी अडीचलाच परत. बूट न काढता पलंगावर बसली.

ही आईच्या रोजच्या वहीतली नोंद. बाळी म्हणजे तिची धाकटी लेक, वय एकोणचाळीस. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या पाच जणांच्या कंपनीत तिने एक डीबगर लिहिला होता. गेम कुठे अडला, का अडला, ते आत शिरून दाखवणारं टूल. चार वर्षं त्यात गेली. गेमला कोणी विचारेना, तेव्हा साहेबांनी टूलच विकायचं ठरवलं. आज गिऱ्हाईक येणार होतं. जमलं तर कंपनी तरणार, नाहीतर महिनाअखेर कुलूप.

टूलला एक खोड होती. गेम सुरू केल्यावर पहिल्यांदा बोलावलं की सगळा पसारा मांडून बसायला त्याला अकरा सेकंद लागत. पुढे मात्र पापणी लवायच्या आत उत्तर. कंपनीतला चित्रकार म्हणायचा, तुझं टूल म्हणजे आमचे मामा, पहिली हाक कधी ऐकूच येत नाही. बाळीही हसायची. रोज सकाळी ती एकदा बटण दाबायची आणि कप विसळायला जायची. वेग मोजतानाही पहिला आकडा सोडून द्यायची. या कामात तशी रीतच आहे.

आजही तिने आपल्या मशीनवर टूल आधीच एकदा बोलावून ठेवलं. पण आलेल्या बाईंनी स्वतःचा लॅपटॉप उघडला. गेम सुरू झाला, नायिका पुलावरून धावत निघाली, बाईंनी बटण दाबलं. नायिका एक पाय हवेत धरून थिजली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

बाळी म्हणाली, पुन्हा दाबा, आता लगेच येईल. आलंही. पण बाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे काम करणारी मुलं दिवसातून चाळीस वेळा गेम बंद करून नव्याने सुरू करतात. त्यांच्यासाठी प्रत्येक वेळ पहिलीच."

चहा तसाच ठेवून त्या उठल्या. साहेब एका शब्दाने रागावले नाहीत, तेच बाळीला जास्त लागलं. चित्रकार तर मान खाली घालून खोक्यात आपली पुस्तकं भरायला लागला.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दुरुस्त नाही का होणार?"

"होईल. तीन आठवड्यांचं काम आहे."

"मग कर की."

"कोणासाठी, आई?" बाळी भिंतीकडे बघत होती. "चार वर्षं रोज ते अकरा सेकंद माझ्यासमोर होते गं. मी उठून कप विसळायला जात होते."

आईने खाली बसून लेकीच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. बाळीने पाय मागे घेतले नाहीत.

संध्याकाळी आईने वहीत पुढची ओळ लिहिली: गॅसचा सिलिंडर संपला, दुसरा लावला.