चढावर वाजणारं इंजिन

माझा मोठा भाऊ फौजेत ड्रायव्हर होता, तोफा ओढून नेणाऱ्या ट्रकवर. एकाहत्तरच्या लढाईनंतर तो शेलूबाजारला परत आला आणि फौजेच्या लिलावात निघालेली एक जुनी पेट्रोल जीप त्यानं घेतली. वाशिम जिल्हा व्हायला तेव्हा पुष्कळ वर्षं होती, आमचा भाग अकोल्यातच मोडायचा. शेलूबाजारहून मालेगाव आणि पुढं मेडशी, अशा सवाऱ्या तो न्यायचा. आमच्या बौद्धवाड्यातल्या माणसाच्या दारात स्वतःची गाडी उभी राहणं ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. जीप उभी असली की आई काही काम नसतानाही बाहेर येऊन बसायची.

त्याच सुमारास मी मेडशीच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. सकाळच्या फेरीत दादाच्या शेजारची जागा माझी असे. मागं माणसं, कापसाची गाठोडी, कोंबड्या, कधी एखादं आजारी लेकरू. दादा फारसा बोलायचा नाही. गाडी चालवताना त्याची मान जराशी डाव्या बाजूला कललेली असायची, जणू बॉनेटखालून कोणी त्याला हळू आवाजात काही सांगत आहे. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाला, डोळ्यानं नुसता रस्ता पाहायचा असतो, गाडी कानानं चालते.

दुष्काळ सरला आणि पाठोपाठ पेट्रोलचे भाव भडकले. पंप लांब होते. रस्त्याकडेला बॅरल मांडून पेट्रोल विकणारे वाढले, आणि त्या प्रत्येक बॅरलमध्ये थोडंफार रॉकेल असायचंच. दादाला वासानं ते कळे. पण न घेऊन करणार काय? रॉकेल किती आहे याचा अंदाज तो पहिल्या चढावर घ्यायचा. चढ लागला, गाडीवर ताण आला की इंजिनातून टक टक टक असा आवाज निघे, कोणी आतून हातोडीनं ठोकल्यासारखा. त्याला तो नॉकिंग म्हणे. आवाज आला की तो ॲक्सिलेटरवरचा पाय हलका करायचा, गिअर खाली घ्यायचा. संध्याकाळी बॉनेट उघडून ठिणगी पडायचं टायमिंग जरा मागं सरकवायचा.

असं का होतं, ते त्यानं मला एका सकाळी समजावलं होतं. पेट्रोल आणि हवा इंजिनात दाबली जाते आणि मग प्लगची ठिणगी पडून ती पेटते. चांगलं पेट्रोल तो दाब सोसतं, ठिणगीची वाट पाहतं, आणि पेटलं की एका बाजूनं दुसरीकडं जळत जातं. ही सोसण्याची ताकद म्हणजे ऑक्टेन, हा शब्द तो फौजेत शिकला होता. रॉकेलमध्ये ती ताकद नाही. एका बाजूनं जाळ येत असतानाच दुसऱ्या बाजूचं उरलेलं मिश्रण आपोआप फुटतं आणि तो तडाखा पिस्टनवर बसतो. रोज थोडा थोडा बसला तर पिस्टन मरतं.

रॉकेलची दुसरी खोड म्हणजे काजळी. प्लग काळे पडायचे, ठिणगी नीट पडायची नाही, आणि बाजारात हळू चालवताना गाडी धक्के खात बंद पडायची. सवाऱ्यांना उतरून ढकलावं लागे. कंटाळून दादानं मालेगावच्या मिस्त्रीला दाखवलं. मिस्त्रीनं वेगळ्या जातीचे प्लग बसवले. ते जास्त तापलेले राहतात, म्हणून काजळी त्यांच्यावरच जळून जाते. पण भरलेली गाडी लांब चढावर नेली तर प्लगचं टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवतं, हेही मिस्त्रीनं त्याला सांगितलं. कान ठेवून चालव, म्हणाला. दादानं मान हलवली. मी तिथंच उभी होते. मिस्त्रीचं बोलणं दादाला कितपत ऐकू गेलं, याचा आता मला विचार पडतो.

कारण पुढच्याच पंधरवड्यात, मालेगावच्या पुढच्या चढावर, मी तो आवाज ऐकला. टक टक टक. दादाचा पाय आता हलेल म्हणून मी वाट पाहिली. पाय तसाच दाबलेला. आवाज वाढला. मागची एक म्हातारी म्हणाली, गाडी काहून वाजून राह्यली? मी दादाकडं पाहिलं. त्याची मान नेहमीसारखीच कललेली होती, चेहरा शांत. मी त्याच्या दंडाला हात लावला आणि म्हटलं, दादा, नॉकिंग होतंय. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, क्षणभर. मग पाय हलका केला आणि म्हणाला, "हो, ऐकलं."

त्यानं ऐकलं नव्हतं.

त्यानंतर मला सगळंच दिसायला लागलं. तो माणसांच्या ओठांकडं पाहून बोलायचा. मागून कोणी थांबायला सांगितलं की थांबायचा नाही, पण जीपच्या लोखंडावर थाप मारली की थांबायचा, कारण थाप त्याला अंगाला जाणवायची. घरी पाठमोरा बसला असला की हाकेला ओ देत नसे आणि आम्ही समजायचो, थकला आहे. मी वहिनीला एकटं गाठून विचारलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही. तिला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. तोफांपाशी राहून कानात सतत शिट्टी वाजायची त्याच्या, मग शिट्टीखाली बाकीचं सगळं दबत गेलं. अकोल्याच्या डॉक्टरनं उपाय नाही म्हणून सांगितलं होतं.

"कोणाले सांगू नको बाई," ती म्हणाली. "त्यायले दुसरं काई येत नाई. लायसन गेलं तं माणूस घरात बसून मरन."

मी कोणाला सांगितलं नाही. दादालाही, मला कळलं आहे हे बोलून दाखवलं नाही. पण आमच्यात एक रीत पडून गेली. चढावर आवाज आला की मी दोन बोटं त्याच्या दंडावर टेकवायची आणि तो पाय उचलायचा. आवाज थांबला की मी हात काढून घ्यायची. त्यानं कधी माझ्याकडं वळून पाहिलं नाही, मीही खिडकीबाहेर पाहत राहायची. ज्वारी उभी राहिली, काढली गेली, तूर पिकली. सवाऱ्यांना वाटायचं, बहिणीचा भावावर मोठा जीव आहे.

पण मी फक्त सकाळी जाताना आणि दुपारी येताना त्याच्या शेजारी असायची. बाकीच्या फेऱ्या तो एकटाच करायचा.

त्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली. मी घरी होते. मेडशीच्या एका शेतकरी घरातली माणसं मुलाच्या लग्नाला पातूरकडं निघाली होती आणि त्यांनी दादाची जीप ठरवली. मेडशीच्या पुढं घाट लागतो. ऊन कडक, गाडी माणसांनी खचाखच भरलेली, टाकीत बॅरलचं पेट्रोल आणि इंजिनात ते तापणारे प्लग. घाटाच्या सुरुवातीलाच इंजिन वाजायला लागलं. हे मला नंतर गाडीतल्या बायकांनी सांगितलं. मागून सगळे सांगत होते, गाडी वाजून राह्यली, थांबव. शेजारी बसलेल्या नवरदेवाच्या काकांनीही सांगितलं. दादा समोर बघून हसला. त्याला वाटलं, लग्नाची माणसं आहेत, मजेत आहेत.

वळणाच्या अलीकडं मोठा आवाज झाला, धूर निघाला आणि इंजिन बंद पडलं. पिस्टनला मधोमध भोक पडलं होतं. जीप मागं घसरली. दादानं ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, पण ओझं फार होतं. मागच्या फळीवर बसलेला त्या घरातलाच एक म्हातारा उडी मारायला गेला आणि त्याचा पाय जीप आणि घाटाच्या कठड्याच्या मध्ये सापडला. बाकी कोणाला काही झालं नाही. कठडा नसता तर कोणीच उरलं नसतं, असं सगळे म्हणत.

म्हाताऱ्याचा पाय वाचला, पण गुडघ्यापासून वाकडाच राहिला. आणि त्याच दिवशी आजूबाजूच्या साऱ्या गावांना कळलं की शेलूबाजारचा जीपवाला बहिरा आहे.

पावसाळ्याच्या तोंडी दादा म्हणाला, मेडशीला जायचं. आम्ही एसटीनं गेलो. म्हातारा ओसरीत बाजेवर पडला होता, पायाला लाकडी पट्ट्या. घरातली माणसं आम्हाला पाहून उठून उभी राहिली, पण कोणी बसा म्हटलं नाही. मग म्हाताऱ्यानंच हातानं खूण केली. दादा जमिनीवर बसला. त्यानं माफी मागितली, फार मोठ्या आवाजात, कारण स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे त्याला आता कळत नसे. आतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या.

म्हातारा हळूच म्हणाला, "तुले ऐकू येत नोयतं तं सांगाचं होतं ना बाप्पा. आमी ऐकलं असतं तुयासाठी."

दादानं माझ्याकडं पाहिलं. त्याला कळलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या तोंडात दात नव्हते आणि मिशा ओठांवर आलेल्या, ओठ वाचता येण्यासारखे नव्हते. काय म्हणले, असं त्यानं मला विचारलं. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ते वाक्य मोठ्यानं म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. मी आणखी मोठ्यानं म्हटलं. त्या घरातल्या सगळ्यांसमोर मला ते तीनदा ओरडावं लागलं. तिसऱ्यांदा त्याला कळलं. त्यानं मान खाली घातली आणि उठेपर्यंत वर केली नाही.

जीप भंगारात गेली. दादाला कारंजाच्या एका जिनिंगमध्ये काम मिळालं, रेच्यांवर, म्हणजे सरकी काढणाऱ्या मशीनवर, कपाशी टाकायचं. तिथं मशीनच्या गोंगाटात कोणालाच कोणाचं ऐकू येत नसे, सगळे हातवाऱ्यांनीच बोलत. वहिनी म्हणायची, बरं झालं, तिथं ते सगळ्यांसारखेच हायेत. पण संध्याकाळी भोंगा झाला की बाकीची माणसं बोलत, हसत बाहेर पडत. दादा त्यांच्या पुढं एकटाच चालायचा, भराभर, म्हणजे कोणी बोलायला येऊ नये.

दोनेक वर्षांनी माझी बदली धनजला झाली. ती सांगायला मी कारंजाला त्यांच्या खोलीवर गेले. दादा मोरीत हातपाय धूत होता, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. मी मोठ्यानं म्हटलं, दादा, माझी बदली झाली.

त्यानं वळून पाहिलं. त्याचा चेहरा उजळला, कित्येक दिवसांत मी तो तसा पाहिला नव्हता. ओल्या हातांनीच पुढं येऊन त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वहिनीला म्हणाला, "ऐकलं का? हळदी हाय म्हन्ते बाईची. कोणत्या गावचा हाय पोरगा?"

बदलीचं त्यानं हळदी ऐकलं होतं. माझं लग्न ठरलेलं नव्हतं. ठरत नव्हतं. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. तिनं स्टोव्ह पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं. दादा पंचा घेऊन समोर बसला आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिला, गावाचं नाव कळण्यासाठी.