श्रिल म्हणजे कसा आवाज?

आमच्या सेनगावच्या इंग्लिश क्लासमध्ये शब्द कमी पाठ होतात, किस्सेच जास्त जमतात. एकट्या ‘श्रिल’चेच बघा! अर्थ साधा: बारीक, उंच पट्टीचा, कानात घुसणारा आवाज. मी प्रत्येकाला एक वाक्य करून आणायला सांगितलं आणि सुरुवात झाली.

*

सात जणांनी एकाच छापाचं वाक्य आणलं. कुणाच्या आईचा आवाज श्रिल, कुणाच्या आत्याचा. माझं डोकंच फिरलं.

“बाई जोरात बोलली की लगेच श्रिल! काहून? सभेतला माईक किंचाळतो, त्याला म्हणा की!”

मागून गजानन हळूच म्हणाला, “मॅडम, आत्ता तुमचा बी...”

अख्खा वर्ग हसला. मीही, पण जरा उशिरा.

*

सुनीताने टिटवीवर वाक्य करायला साफ नकार दिला. “न्हाई मॅडम. तिचं नाव लिहिलं की ती घरावरून ओरडत जाते. मग घरातलं माणूस जातं.”

मी अंधश्रद्धेवर तावातावाने बोलले. त्याच संध्याकाळी माझ्या गावी, गोरेगावला उतरले आणि डोक्यावरून टिटवी ओरडत गेली. मी तिथूनच घरी फोन लावला, “सगळे बरे आहात ना?”

हे वर्गात अजून कुणाला माहीत नाही!

*

गोरेगावची आम्ही मंडळी शेषरावकाकांच्या जीपने येतो-जातो. त्यांची रेखाही क्लासला आहे. रोज पुढे बसते, बापाच्या खांद्यावर हात ठेवून. “पप्पाची लाडकी!” म्हणून आम्ही चिडवतो.

परवा जीपमध्ये गजानन म्हणाला, “ऐका, खरं श्रिल!” आणि मोबाइलवर असा आवाज लावला की सगळ्यांनी कानांत बोटं घातली. एका बाईच्या मांडीवरचं लेकरू रडायला लागलं.

काका म्हणाले, “अरे, लाव की मग! काहून थांबून राहिला?”

काका गंमत करतात असं वाटून सगळे हसले. रेखा हसली नाही.

पुढे पुलाचं काम चालू होतं. वळणापलीकडून मजुराची इशाऱ्याची शिट्टी ऐकू आली, जोरात, एकसारखी. जीपचा वेग तसाच. रेखाने काकांचा खांदा दोनदा दाबला. करकचून ब्रेक! रिव्हर्स येणारा डंपर नाकासमोरून गेला.

गोरेगावला उतरल्यावर मी तिला बाजूला घेतलं.

“किती दिवसांपासून?”

“दोन वर्षं. बोललेलं बराबर ऐकू येतं त्यांना. बारीक आवाजच येत न्हाई.”

“जीप बंद करायला सांग! आजच!”

“सांगून पाहिलं, मॅडम. ऐकत न्हाईत.” ती खाली बघत राहिली. “सोमवारी मी नर्सिंगला नांदेडला चालले. माझ्या जागी पुढं तुमी बसाल?”